उपाय आहे, विचारायला जागा नाही

नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका या पाच देशांतल्या पाचशे जोडप्यांना संशोधकांनी स्टॉपवॉच दिले. चार आठवडे, प्रत्येक समागमाच्या वेळी, योनिप्रवेशापासून वीर्यस्खलनापर्यंत किती वेळ जातो तो मोजून लिहून ठेवायचा, एवढेच त्यांचे काम. ही जोडपी तक्रार घेऊन दवाखान्यात आलेली नव्हती; चारचौघांसारखीच होती. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या पुरुषांचा वेळ ५.४ मिनिटांहून कमी भरला, निम्म्यांचा जास्त. सर्वांत कमी वेळ होता ३३ सेकंद आणि सर्वांत जास्त ४४ मिनिटे. वय वाढते तसा अनुभव वाढतो आणि त्याबरोबर वेळही वाढतो, हा समजही या घड्याळांनी मोडीत काढला. १८ ते ३० या वयोगटात मधला आकडा ६.५ मिनिटे होता, पन्नाशी ओलांडलेल्यांत ४.३ मिनिटे.

हे आकडे ऐकून बहुतेक पुरुषांचा आधी विश्वासच बसत नाही. त्यांच्या मनातला आकडा वेगळा असतो. कॉलेजच्या कट्ट्यावर, कारखान्याच्या कँटीनमध्ये मित्र अर्ध्या-पाऊण तासाच्या गोष्टी सांगतात आणि त्या तपासायला कोणी जात नाही. आता त्यात मोबाइलवरच्या चित्रफितींची भर पडली आहे. तिथला अर्धा तास तुकडे जोडून, मधले थांबणे कापून तयार केलेला असतो. पडद्यावरची मारामारी पाहून कोणी आपल्या मनगटातली ताकद जोखत नाही. इथे मात्र जोखतो आणि स्वतःला नापास करून मोकळा होतो. अमेरिका आणि कॅनडातल्या लैंगिक समुपदेशकांना याबद्दल विचारले गेले होते. २००८ साली आलेल्या त्या पाहणीत त्यांनी तीन ते सात मिनिटांना ‘पुरेसे’ म्हटले आणि सात ते तेरा मिनिटांना ‘हवेहवेसे’. अर्धा तास त्यांच्या लेखी नको इतका लांबलेला होता.

मग शीघ्रपतन म्हणायचे कशाला? आंतरराष्ट्रीय लैंगिक वैद्यक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०१४ मध्ये जी व्याख्या मांडली, तिच्यात तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पहिल्या शरीरसंबंधापासूनच, नेहमी किंवा जवळजवळ नेहमी, प्रवेशाआधी किंवा प्रवेशानंतर सुमारे एका मिनिटाच्या आत स्खलन होणे. किंवा आधी सारे ठीक असताना पुढे कधीतरी हा वेळ बराच घटून तीन मिनिटांवर किंवा त्याखाली येणे, ही पहिली गोष्ट. थांबवू म्हटले तरी न थांबवता येणे, ही दुसरी. आणि त्यापायी मनस्ताप होणे, चिडचिड होणे, जवळीकच टाळावीशी वाटणे, ही तिसरी. लग्नानंतरच्या पहिल्या काही रात्रींत, महिनाभर बाहेरगावी राहून परतल्यावर किंवा दिवसभर डोक्याला ताप झाल्यावर एखाद्या वेळी लवकर आटोपले, तर तो आजार होत नाही. पाच-सहा मिनिटे टिकूनही ‘आपण कमी पडतो’ असे वाटणारे पुरुषही बरेच असतात. त्यांना गोळीची गरज नसते; कोणीतरी समोर बसवून वरचे आकडे समजावून सांगायची गरज असते.

ज्यांना खरोखर त्रास आहे, त्यांच्यासाठी सांगण्यासारखी मुख्य गोष्ट अशी, की स्खलनावर ताबा मिळवणे बऱ्याच अंशी शिकता येते. सायकलचा तोल जसा सरावाने येतो, तसाच हा येतो. पण त्यासाठी शरीरात काय घडते ते आधी ठाऊक हवे.

वीर्यस्खलन दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात शुक्रवाहिन्या, शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी यांतले स्राव मूत्रमार्गाच्या मागच्या भागात येऊन साठतात. दुसऱ्या टप्प्यात ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू सेकंदाहून थोड्या कमी अंतराने लयीत आकुंचन पावतात आणि वीर्य बाहेर फेकले जाते. पहिला टप्पा सुरू झाला की माघार नाही. ‘आता होणार’ अशी स्पष्ट जाणीव पुरुषाला होते ती त्याच क्षणी, आणि त्यानंतर कितीही दात-ओठ आवळले तरी काही उपयोग नसतो. दूध उतू जाण्याआधी आच कमी करावी लागते. फेस काठाशी आल्यावर धावत जाऊन फक्त ओटा पुसायचे काम उरते. ज्यांना शीघ्रपतनाचा त्रास असतो त्यांच्यापैकी अनेकांना ही आधीची पायरी ओळखताच येत नाही. उत्तेजना कधी चढली ते कळत नाही आणि कळते तेव्हा वेळ गेलेली असते. काहींची घडणच अशी असते की हा प्रतिक्षेप लवकर सुटतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांतल्या सेरोटोनिन या रसायनाचा त्यात वाटा आहे. म्हणजे ‘मन खंबीर कर’ असा उपदेश निरुपयोगीच नाही, तर अन्यायाचाही आहे.

जेम्स सीमन्स या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाने १९५६ साली यावर एक साधा उपाय मांडला. आज त्याला ‘थांबा आणि पुन्हा सुरू करा’ पद्धत म्हणून ओळखले जाते. उत्तेजना वाढू द्यायची, आधीची पायरी जाणवली की थांबायचे, आवेग ओसरू द्यायचा, मग पुन्हा सुरुवात करायची. शिकताना उत्तेजनेला मनातल्या मनात एक ते दहा असे गुण देणे सोयीचे जाते. दहा म्हणजे स्खलन, नऊ म्हणजे माघार नसलेला क्षण. सात-साडेसातला थांबायचे. अर्धा-एक मिनिटात आकडा चार-पाचवर उतरतो, मग पुन्हा. असे तीन-चार वेळा केल्यावर मोकळे व्हायचे.

सुरुवात एकट्याने, हाताने करणे सर्वांत सोपे. इथे समोर कोणी नसते, परीक्षा नसते. हस्तमैथुनाने दुबळेपणा येतो ही भीती ज्यांच्या मनात पक्की बसली आहे, त्यांना ही पहिली पायरीच अवघड जाते. त्या भीतीला वैद्यकशास्त्रात कसलाही आधार नाही. उलट, कोणी येईल या धास्तीने दोन मिनिटांत उरकायची जी सवय अनेकांना किशोरवयात लागलेली असते, तीच इथे सावकाश मोडायची आहे. एक-दोन आठवड्यांनी हाच सराव जोडीदाराच्या हाताने करायचा. त्यात आधी कोरड्या हाताने, मग वंगण लावून. ओलसर स्पर्शाने उत्तेजना झपाट्याने वाढते, हे सीमन्सनेच नोंदवले होते आणि म्हणूनच त्याने या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या. त्यानंतर समागम: पत्नी वर, पती खाली, आणि पहिल्या काही वेळा प्रवेशानंतर नुसते स्थिर राहणे. मग मंद हालचाल, आणि पायरी जाणवली की पुन्हा थांबणे. हे सारे आठवडाभरात होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा सराव केला तर दोन-तीन महिने धरून चालावे.

यात एक चूक जवळजवळ सगळे करतात. मन दुसरीकडे वळवले की वेळ वाढेल म्हणून पाढे म्हणतात, क्रिकेटचे धावफलक आठवतात, कर्जाचे हप्ते मोजतात. परिणाम उलटा होतो. ज्या संवेदनेकडे लक्ष द्यायला शिकायचे, तिच्याकडेच पाठ फिरवली जाते. आणि पाढे म्हणणारा नवरा बायकोला कळत नाही असेही नाही.

मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीने १९७० साली सीमन्सच्या पद्धतीत भर घातली. थांबण्याच्या क्षणी शिस्नाच्या टोकाखालचा भाग बोटांनी काही सेकंद दाबून धरायचा. त्यांनी सांगितलेले यशाचे प्रमाण थक्क करणारे होते. पुढे इतरांनी काही वर्षांनी त्याच प्रकारच्या उपचारांचा पाठपुरावा केला, तेव्हा मिळवलेला ताबा पुष्कळांच्या हातून सुटल्याचे दिसले. पद्धत खोटी म्हणून असे झाले असे मानायचे कारण नाही. सराव सुटला की सवय परत येते, हे गाणे शिकणाऱ्यालाही ठाऊक असते; अधूनमधून पुन्हा चार आठवडे बसावे लागते.

दुसरा मार्ग स्नायूंचा. अरनॉल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सांगितले ते बाळंतपणानंतर लघवीवर ताबा न राहणाऱ्या स्त्रियांसाठी. पुरुषांतही हेच स्नायू स्खलनाच्या दुसऱ्या टप्प्यात काम करतात, त्यामुळे त्यांच्यावर हुकमत मिळाली तर वेळेवरही मिळेल, हा विचार पुढे आला. रोममध्ये आयुष्यभराचे शीघ्रपतन असलेल्या ४० पुरुषांना बारा आठवडे हे व्यायाम शिकवले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी ३३ जणांना ताबा मिळाला. सरासरी वेळ सुमारे ३२ सेकंदांवरून जवळजवळ अडीच मिनिटांवर गेला. हा अभ्यास लहान होता आणि व्यायाम न करणारा दुसरा गट शेजारी ठेवलेला नव्हता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण व्यायामाला पैसे पडत नाहीत, अपाय नाही आणि तो लोकलमध्ये उभ्या उभ्याही करता येतो.

स्नायू ओळखायचे कसे? वायू सरू नये म्हणून गुदद्वार जसे आत ओढून धरतो, तसे धरावे. त्या वेळी पोट, मांड्या आणि कुल्ले सैल असले पाहिजेत, श्वास चालू राहिला पाहिजे. पाच सेकंद आवळायचे, तितकाच किंवा थोडा जास्त वेळ पूर्ण सैल सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. सैल सोडण्याचा भाग आवळण्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि उत्साही मंडळी नेमका तोच गाळतात. ज्यांचे हे स्नायू आधीच सतत ताणलेले असतात, ओटीपोटात किंवा वृषणांत दुखते, त्यांनी आवळण्याच्या मागे न लागता आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे. आणि लघवी मध्येच थांबवण्याचा रोजचा सराव करू नये. स्नायू ओळखण्यापुरते एखाद्या वेळी ठीक.

हे सगळे कागदावर सोपे दिसते. पण दोन खोल्यांच्या घरात आई-वडील, धाकटा भाऊ आणि मध्ये एक पडदा असताना ‘सावकाश, थांबून, पुन्हा’ कसे जमायचे? चाळीत संसार केलेल्या पिढ्यांनी शरीरसंबंध आवाज न होता, दिवा न लावता, घाईतच केला; शहरातल्या पुष्कळ घरांत आजही तसेच चालते. याला औषध नाही. रविवारी दुपारी घरचे लग्नाला गेलेले असताना मिळालेले दोन तास, एवढ्यावरच काहींना सराव करावा लागतो आणि तेही चालते.

पत्नीला विश्वासात घेतल्याशिवाय मात्र अर्धे काम होत नाही. अनेक घरांत असे दिसते की नवरा लाजेने पाठ फिरवून झोपतो, हळूहळू जवळ येणेच टाळतो. आणि बायको समजते की आपण त्याला आवडेनाशा झालो किंवा बाहेर काही चालू आहे. दोघेही गप्प. वास्तविक बहुसंख्य स्त्रियांची कामपूर्ती केवळ योनिप्रवेशाने होत नाही. त्यांना शिस्निकेचा स्पर्श, वेळ आणि जवळीक लागते. हात आहेत, ओठ आहेत. स्खलन झाले म्हणजे सगळे संपले, हा नियम कोणी केलेला नाही. ही एवढी गोष्ट दोघांना उमगली तरी घड्याळाचा निम्मा धाक उतरतो, आणि धाक उतरला की वेळ आपोआप थोडा वाढतो. मूल होण्याशीही या तक्रारीचा संबंध फक्त तेव्हाच येतो, जेव्हा स्खलन प्रवेशाआधीच होते. वीर्याचा कस वगैरे गोष्टी त्यात नाहीत.

औषधे आहेत आणि काहींना ती लागतातच. टोकाची संवेदना कमी करणारे बधिरतेचे मलम किंवा फवारा. समागमाआधी एक ते तीन तास घ्यायची डॅपॉक्सेटिनची गोळी. किंवा नैराश्यावर वापरली जाणारी आणि रोज घ्यायची काही औषधे. मलम पुसून किंवा निरोध वापरून संबंध ठेवला नाही तर पत्नीलाही बधिरता येते. डॅपॉक्सेटिनने मळमळ आणि चक्कर येते, क्वचित शुद्ध हरपते. दारूबरोबर तर ती घेऊच नये. रोजच्या गोळ्या मनाने अचानक बंद करायच्या नसतात. म्हणून हे सारे डॉक्टरच्या चिठ्ठीने. ट्रॅमाडॉल नावाची वेदनाशामक गोळी मित्रामित्रांत ‘टायमिंगची’ म्हणून फिरते. तिचे व्यसन लागते.

डॅपॉक्सेटिनच्या चाचण्यांतला एक आकडा मात्र औषधाहून बोलका आहे. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या अडीच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. सुरुवातीला त्यांचा सरासरी वेळ एका मिनिटाहून थोडा कमी होता. बारा आठवड्यांनी गोळी घेणाऱ्यांचा वेळ मात्रेनुसार २.७८ आणि ३.३२ मिनिटे झाला. आणि ज्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली होती, त्यांचा? १.७५ मिनिटे. काहीही औषध पोटात न जाता वेळ जवळपास दुप्पट. आपल्यावर उपचार सुरू आहे, कोणीतरी लक्ष घातले आहे, एवढ्या दिलाशाने इतके होते.

बसस्टँडच्या मुतारीत, रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर, महामार्गाकडेच्या तंबूंवर ‘गुप्तरोग, शीघ्रपतन, नामर्दी, खात्रीशीर इलाज’ असे जे वर्षानुवर्षे लिहिलेले आहे, तो सगळा धंदा या दिलाशावर चालतो. पुडीने थोडा गुण येतो, तो पुडीचा वाटतो. ओसरला की पुढची, जास्त महागाची पुडी. भस्म, शिलाजित, केशर, सोन्याचा अंश असे म्हणत बिल वाढत जाते आणि लाजेपोटी कोणी पावती मागत नाही, तक्रार तर दूरच. यातली सगळी पूड निरुपद्रवी असती तर नुकसान पैशापुरते राहिले असते. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कामोत्तेजक चूर्णांत-कॅप्सुलांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातले औषध, गुपचूप मिसळलेले वेगवेगळ्या देशांच्या तपासण्यांत वारंवार सापडले आहे. छातीत दुखते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. आपण काय घेतले हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते, मग इस्पितळातल्या डॉक्टरला तो काय सांगणार?

या जाहिरातींना कायद्याने बंदी आहे, ती आजकालची नाही. १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याच्या तिसऱ्या कलमात लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा किंवा वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सत्तर वर्षे होऊन गेली. भिंती तशाच रंगवल्या जातात, त्यावर मोबाइल नंबरही मोठ्या अक्षरांत असतो, म्हणजे गुन्हेगार शोधण्याचे श्रमही नाहीत. आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींचे रकाने या बाबतीत स्वच्छ आहेत, असे म्हणण्याची सोय वृत्तपत्रांनाही नाही.

धंद्याच्या मुळाशी एक जुनी भीती आहे. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या कित्येक थेंबांपासून बनतो, तो गेला की ताकद गेली, ही ती भीती. लघवीवाटे ‘धात जाते’ म्हणून खंगणारे, थकवा, कंबरदुखी आणि झोप उडाल्याची तक्रार करणारे तरुण मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांना इतके भेटत की १९६० मध्ये त्यांनी या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. अशा अनेकांना शीघ्रपतनाचीही तक्रार असते. प्रत्यक्षात एका वेळचे वीर्य चमचाभराच्या आसपास भरते. त्यातला बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेटमधला द्रव असतो, शुक्रजंतूंचा वाटा शेकड्यात मोजका. शरीर ते सतत तयार करत असते.

महाराष्ट्रात हे सांगण्याचा प्रयत्न आज सुरू झालेला नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात सरळ उत्तरे छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या त्याने कमी झाली नाही, उत्तर देणाऱ्यांची झाली असावी.

आज प्रश्न घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर सरकारी आरोग्य व्यवस्थेकडे जवळजवळ नाही. किशोरवयीनांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम १० ते १९ वयापुरता आहे. महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री’ केंद्रे आहेत, पण विशीत पाऊल टाकले की तो दरवाजा बंद. लग्न होते त्यानंतर. कुटुंबनियोजनाच्या खिडकीवर गाठ पडते ती बायकांची: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कुटुंबनियोजनासाठी स्त्री-नसबंदीवर विसंबणाऱ्यांचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदीवर ०.३ टक्के. म्हणजे सव्वीस वर्षांचा नवविवाहित पुरुष या व्यवस्थेच्या नजरेतच येत नाही. तो तंबूकडे वळतो त्यात नवल नाही. तिथे निदान त्याच्या तक्रारीचे नाव भिंतीवर लिहिलेले असते.

आणि ही तक्रार डॉक्टरपर्यंत पोचणे केवळ वैवाहिक सुखासाठी गरजेचे आहे असे नाही. वर्षानुवर्षे ठीक असलेल्या माणसाला अचानक शीघ्रपतन सुरू झाले, तर त्यामागे थायरॉइडची वाढलेली क्रिया असू शकते. ती आटोक्यात आली की स्खलनाचा वेळही पूर्ववत होतो. प्रोस्टेटचा दाह असू शकतो. फार वेळा मूळ तक्रार ताठरता टिकत नाही ही असते आणि ती जाण्याआधी उरकावे म्हणून माणूस घाई करू लागतो. चाळिशीतल्या पुरुषाची ताठरता कमी होणे हे मधुमेहाचे किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ लागल्याचे पहिले चिन्ह असू शकते, छातीत दुखू लागण्याच्या कितीतरी आधीचे. चूर्ण घेऊन तो ते चिन्ह दाबतो आहे.

अनुभवी डॉक्टरांना एक प्रकारचा रुग्ण चांगला परिचयाचा असतो. पाठदुखी, अॅसिडिटी, अशक्तपणा असे काहीबाही सांगून तो तपासून घेतो, औषध घेतो, पैसे देतो आणि बाहेर चप्पल घालता घालता मागे वळून म्हणतो, “डॉक्टरसाहेब, अजून एक विचारायचं होतं...” तेवढ्यात पुढचा रुग्ण आत आलेला असतो. खरे कारण तेच असते आणि बहुधा ते तसेच परत घरी जाते.

तिशीवरच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम गावोगावच्या आरोग्य केंद्रांत सुरू आहे. तिथे फॉर्म भरला जातो, तंबाखू किती, दारू किती, हे विचारले जाते. त्या फॉर्मवर पुरुषांसाठी एक ओळ वाढवायला निधी लागत नाही: पती-पत्नींच्या संबंधांत काही अडचण आहे का? आशा ताईंना हे विचारायला लावणे योग्य होणार नाही. पुरुष आरोग्यसेवक किंवा डॉक्टरने, दार लोटून, विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर काय करायचे, याचे शिक्षण दोन दिवसांत देता येईल इतके ते थोडके आहे: वेळेचे खरे आकडे, थांबा-सुरू कराचा सराव, स्नायूंचा व्यायाम, साखर आणि गरजेप्रमाणे थायरॉइडची तपासणी, आणि कोणाला जिल्हा रुग्णालयात पाठवायचे याची यादी. अन्न व औषध प्रशासनाने त्याच वेळी प्रत्येक तालुक्याच्या बसस्टँडच्या भिंतीवरचे नंबर उतरवून घेऊन १९५४ च्या कायद्याखाली पहिले काही खटले भरावेत. फिर्यादीत कोणत्याही रुग्णाचे नाव येण्याची गरज नाही. जाहिरात हाच गुन्हा आहे आणि ती भिंतीवर आहे.